शनिवारी पाणी, रविवारी लाकूड : ठाण्याहून कान्हेरी आणि कोंडाणे

पितृपक्षाचा एक फायदा असतो. लग्न नाही, वास्तुशांत नाही, कुणाकडे जेवायला जायचं नाही. शनिवार-रविवार दोन्ही मोकळे मिळतात. पाऊस सरत आलेला असतो, पण ओढे अजून वाहत असतात आणि तेरडा फुललेला असतो. लेणी बघायला सगळे हिवाळ्यात जातात. मात्र लेण्याचं पाणी कसं चालतं हे बघायचं असेल, तर भाद्रपदाचा हाच पंधरवडा हवा.

मुक्काम ठाण्यातच ठेवला. शनिवारी कान्हेरी, रविवारी कर्जतजवळचं कोंडाणे. दोन्ही डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी.

शनिवार, सकाळ : येऊरच्या पाठीमागे

नकाशावर पट्टी ठेवली तर कान्हेरी ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या अगदी पाठीला लागून आहे. मधलं जंगल मात्र राष्ट्रीय उद्यानाचं, त्यामुळे येऊरकडून परवानगीशिवाय चालत जाता येत नाही. ‘मला वाट माहीत आहे’ म्हणणारा एखादा भेटतोच. त्याच्या मागे जाऊ नये. घोडबंदर रस्त्याने वळसा घालून बोरिवली पूर्वेला उद्यानाच्या मुख्य दाराशी यायचं. पहाटे सहाच्या आत ठाणं सोडलं तर हा वळसा सुसह्य असतो. आठनंतर घोडबंदरचं काय होतं ते ठाणेकरांना सांगायला नको.

दारापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर डांबरी रस्ता आहे. मिनीबस मिळते, भाड्याने सायकलही मिळते. चालत गेलात तर दीड-पावणेदोन तास लागतात. रस्ता डांबरी असला तरी दोन्ही बाजूंना भरगच्च जंगल आहे आणि हे बिबट्याचं घर आहे, तेव्हा घोळक्यात चालावं. उद्यानाचं आणि लेण्यांचं तिकीट वेगवेगळं काढावं लागतं. लेणी सोमवारी बंद असतात. खाण्याचं काही हातात उघडं धरू नका. वरची माकडं पिशवी आधी बघतात, मग माणूस. चिप्सचं पाकीट दिसलं की ते गेलंच म्हणून समजा. डबा सॅकच्या आत, चेन बंद, एवढं केलं की निभतं.

पायऱ्यांच्या तळाशी पाड्यावरची एक मावशी काकड्यांची पाटी घेऊन बसली होती. काकडी उभी चिरून, तिखटमीठ चोळून हातात देते. “वर जाताना एक घ्या, येताना एक घ्या,” म्हणाली. “वर काय नाय मिळत, नुसतं दगड.” तिचं खरं होतं. काकडी दोन्ही वेळा घेतली.

शनिवार, दहा ते एक : तीन नंबरपाशी थांबू नका

बहुतेक लोक एक, दोन आणि तीन नंबरची लेणी बघतात, मोठ्या बुद्धमूर्तीपुढे फोटो काढतात आणि परततात. तीन नंबरचं चैत्यगृह, म्हणजे भिक्षूंचं प्रार्थनेचं दालन, तसं आहेच मोठं : लांबी साडेशहाऐंशी फूट, रुंदी चाळीस फुटांच्या आसपास, स्तूपाभोवती फिरणारे चौतीस खांब. खांब नीट बघा. तळाशी घट, माथ्यावर प्राणी आणि स्वार असं पूर्ण कोरीव काम एका बाजूच्या सहा आणि दुसऱ्या बाजूच्या अकरा खांबांनाच आहे. उरलेले साधे अष्टकोनी सोडून दिलेत. पैसा संपला असेल. इतक्या मोठ्या कामात तेच आधी संपतं. दारावरचा लेख गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या काळातला, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. व्हरांड्याच्या दोन टोकांच्या वीसेक फुटी बुद्धमूर्ती त्यानंतर काही शतकांनी कोरलेल्या. चैत्य आणि मूर्ती एकाच वेळच्या समजल्या की पुढचं सगळं गणित चुकतं.

नावाचं सांगायचं तर, जुन्या लेखांत या डोंगराला कण्हगिरी म्हटलंय, संस्कृतात कृष्णगिरी. म्हणजे काळा डोंगर. ‘लेणं’ हा आपला शब्दही याच लेखांमधल्या ‘लेण’चा. आणि तिसरा शब्द, जो लेखांत आहे पण आपण हरवून बसलोय, तो म्हणजे ‘पोढी’. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. दान दिलं की लेख बहुतेक असा असतो : अमुक गावच्या अमुक माणसाने लेणं आणि पोढी दिली. खोली दिली आणि तिचं पाणी दिलं. पाण्याशिवाय लेणं दान करण्यात अर्थ नव्हता, कारण भिक्षूंनी इथे राहायचं ते पावसाचे चार महिने संपल्यावरही.

तीन नंबरच्या पुढे ओढ्याच्या कडेने पायऱ्या वर जातात. तिथून खरी कान्हेरी सुरू होते. लेणी शंभराहून जास्त आहेत आणि बहुतेक एका किंवा दोन खोल्यांची. पुढे अंगण, अंगणाच्या एका कोपऱ्यात कोनाडा, कोनाड्यात पोढीचं तोंड, बाहेर टेकायला दगडी कट्टा. हा साचा एकदा डोळ्यांत बसला की पुढच्या प्रत्येक लेण्यात पोढी शोधायचा छंदच लागतो.

पोढीचं तोंड लहान असतं, दीड-दोन हात चौरस. आत मात्र टाकं अंगणाखाली लांबवर पसरलेलं असतं. तोंड लहान ठेवायला कारणं आहेत. उन्हाने पाणी कमी उडतं, पालापाचोळा कमी पडतो आणि आत उजेड पोचत नाही म्हणून शेवाळ धरत नाही. तोंडाच्या कडेला बोट फिरवलं की चारही बाजूंनी खाच लागते. ती झाकण बसवायची. टॉर्चने आत बघायचं तर पोटावर आडवं होऊन, कडेपासून अंतर राखून. कडा गुळगुळीत झाल्यात आणि आत पाणी किती खोल आहे ते वरून अजिबात कळत नाही. मुलांचा हात सोडू नका.

शनिवार, एक वाजता : सर

अकरा नंबरचं दरबार लेणं बघत होतो, तेवढ्यात सर आली. या लेण्यात दोन लांबच लांब, बुटके दगडी बाक दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेत. त्यांच्यात पंगतीला वाढणारा जाईल एवढी जागा. आडोशाला सगळेच आत शिरले. कुणी डबे उघडले. आम्ही मात्र शेजारच्या एका लहान लेण्याच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो.

आधी काहीच झालं नाही. वरचा कातळ काळा पडला, एवढंच. पाचेक मिनिटांनी कपाळपट्टीच्या वर एक चकाकती रेघ दिसली. कातळात चार बोटं रुंदीची पन्हळ कोरलेली होती, दर्शनी भागाच्या वरून तिरकी गेलेली. कोरडी असताना तिच्याकडे लक्षही गेलं नसतं. डोंगरावरून येणारं पाणी त्या पन्हळीत अडायचं, दाराच्या डोक्यावर न पडता बाजूला वळायचं आणि अंगणाच्या कडेने कोनाड्यात. थोडं पाणी पन्हळीला चुकवून पुढे यायचं. तेही छज्जाच्या कडेला येऊन थेंबाथेंबाने बाहेरच गळायचं, कारण छज्जाच्या पोटात कड काढलेली. ओघळ भिंतीवर उतरत नव्हता. व्हरांड्याची जमीन पुरती कोरडी राहिली. पोढीत पाणी पडल्याचा आवाज आधी टपटप असा आला, मग एकसारखा.

तिथला पहारेकरी पावसात छत्री घेऊन उभा होता. म्हणाला, “पावसात येऊन लोक बोलतात, लेणं गळतंय. गळत नाय, भरतंय.”

एका ठिकाणी पन्हळ पाचोळ्याने तुंबली होती. तिथलं पाणी उसळून सरळ भिंतीवर आलं होतं आणि भिंतीचा तेवढा पट्टा हिरवा-काळा झाला होता. सगळ्या रचनेची दुखती नस ती. पन्हळ वर्षातून एकदा साफ झाली नाही की भिंतीचा कोरीवपणा जातो. हा खडकही भरड आहे, ज्वालामुखीच्या राखेत अडकलेल्या दगडांच्या तुकड्यांचा. पाणी मुरलं की तुकडे सुटायला लागतात.

शनिवार, दुपार : एका टाक्यावरचं लग्न

कान्हेरीतला सगळ्यांत मोलाचा लेख पाण्याच्या टाक्यापाशी आहे, पाच नंबरजवळ. वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाच्या राणीच्या संदर्भातला हा लेख अमात्य शतेरकाने दिलेल्या ‘पानीयभाजना’चा, म्हणजे टाक्याचा आहे. राणी ही कार्दमक वंशातल्या महाक्षत्रपाची, म्हणजे क्षत्रप राजाची, मुलगी असं त्यात म्हटलंय. महाक्षत्रपाचं नाव तुटलं आहे, ‘रु’ एवढंच उरलंय. इतिहासकार तो रुद्रदामन धरतात. सातवाहन आणि क्षत्रप या एकमेकांशी लढणाऱ्या घराण्यांत सोयरीक झाली होती हे आपल्याला कळलं ते एका टाक्यामुळे. भाषाही बघा : इथले बहुतेक जुने लेख प्राकृतात, हा संस्कृतात.

दुसऱ्या काही लेखांत कल्याण, सोपारा, नाशिक इथले दाते येतात. एका लेखात मंगलठाणचं शेत लेण्याच्या खर्चासाठी दिल्याचं आहे. मंगलठाण म्हणजे आजचं मागाठाणे. मेट्रो स्टेशनच्या नावावरून घरी येताना हे आठवलं तर प्रवास बरा जातो.

लेख वाचायला, निदान नीट बघायला, साधी युक्ती आहे. टॉर्च अक्षरांसमोर धरायचा नाही. भिंतीला चिकटवून, आडव्या उजेडात धरायचा. अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि समोरून न दिसलेली ओळ उठून येते. खडू, पीठ, पाणी काही लावायचं नाही. खडूची भुकटी खाचेत बसते आणि पुढे निघत नाही.

वेळ उरला तर आणखी तीन ठिकाणं. चौतीस नंबरला छतावर रंगाचे अवशेष आहेत, अर्धवट राहिलेली बुद्धचित्रं. एक्केचाळीसमध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व, भारतात फार दुर्मिळ. नव्वद नंबरमध्ये पहलवी, म्हणजे जुन्या इराणी, लिपीतले लेख, सन 1009 आणि 1021 चे. जरथुश्त्री पाहुणे इथे येऊन आपापली नावं कोरून गेले. भिंतीवर नाव कोरायची हौस जुनी आहे तर. त्यांचं आज इतिहासाचं साधन झालं म्हणून आपण कोरायचं नाही.

चारला उतरायला लागावं. ओल्या पायऱ्या उतरताना तळव्याची पकड लागते. साध्या स्लीपरवर आलेले दोघंजण आमच्यासमोर घसरून बसले. ओढ्यातला कातळ शेवाळलेला होता, तिथे कुणीही पाय घालू नये.

रविवार, सकाळ : कोंडिवडे

ठाण्याहून पहाटेची कर्जत लोकल. कर्जत स्टेशनबाहेरून कोंडिवड्याला टमटम मिळते. भरली की सुटते, त्यामुळे चार-पाच जण असाल तर पूर्ण करून घेतलेली बरी. परतीचं आत्ताच ठरवून ड्रायव्हरदादाचा नंबर घ्या. संध्याकाळी गावातून वाहन मिळेलच असं नाही.

कोंडिवड्यात एका घरी दुपारच्या जेवणाचं सांगितलं. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि असलं तर भाजीत शेवळ-कंटोली. “शेवळं कसली आता,” काकू हसल्या, “ती पहिल्या पावसात. कंटोली करते.” माणशी किती आणि किती वाजता एवढं सांगायचं; माणसं ऐनवेळी वाढवायची नाहीत, भाकऱ्या मोजून थापलेल्या असतात.

गावातून लेण्यांपर्यंत दीड तास लागतो. सुरुवात सपाट, भाताच्या खाचरांच्या बांधावरून. भात पोटरीला आलेला होता. मग जंगल, मग चढ. मध्ये दोन-तीन ओहोळ. पाणी घोट्यापर्यंत असेल तर ओलांडा. गुडघ्यापर्यंत असेल आणि गढूळ असेल तर परत फिरा, कारण वर राजमाचीच्या कड्याखाली पाऊस पडलेला असतो आणि खाली ऊन असतं. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये इथे यायचं असेल तर आधी गावात विचारून घ्या, बंदी असते तेव्हा असते. हीच वाट पुढे राजमाचीला चढते म्हणून मळलेली आहे. घोटाळा होतो तो गुरांच्या वाटांनी. त्या रुंद आणि सोप्या असतात आणि हळूच सपाटीला नेऊन सोडतात. चढ संपून पाच-दहा मिनिटं झाली आणि समोर पुन्हा चढ दिसेना, की मागे यायचं.

कमरेच्या उंचीवर, वाटेच्या आरपार, मोठ्या कोळ्यांची पिवळसर जाळी असतात. पुढच्याने काठी आडवी धरून चालावं. माणशी दोन लिटर पाणी. भाद्रपदातली उकाड्याची तिरीप जंगलातही सोडत नाही.

रविवार, अकरा वाजता : दगडातलं सुतारकाम

झाडीतून एकदम कमान डोक्यावर येते. तिच्या माथ्यावरून पाण्याची धार सुटलेली असते, पडद्यासारखी. पावसाळ्यात लोक त्या धारेखाली भिजायला येतात. आपण धारेमागे जायचं आणि वर बघायचं.

कोंडाण्याचं चैत्यगृह इसवी सनापूर्वीचं, कान्हेरीच्या चैत्याहून जुनं. लांबी सुमारे सहासष्ट फूट, रुंदी साडेसव्वीस, उंची अठ्ठावीस. इथे बुद्धमूर्ती नाही. आहे ते सगळं घर बांधणाऱ्या सुताराचं. कमानीच्या पोटात तुळयांची टोकं ओळीने बाहेर आलेली दाखवलीत. त्याखाली वेदिकेचा कठडा : उभे खांब, त्यांत आडवे गज घुसवलेले, भिंगाच्या आकाराचे. लाकडी कठड्यात गज भोकात बसवतात, तसेच. चौकटींत एक आड एक जाळी आणि माणसं. जोडपी नाचताहेत, एकाच्या हातात धनुष्य आहे. कोरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारत होती. सागवानी माडीचा दर्शनी भाग उचलून डोंगराला लावावा असं हे काम आहे.

आत शिरलं की छतात खाचा दिसतात, कमानीच्या आकाराने वर चढत गेलेल्या. तिथे खऱ्या लाकडी फासळ्या होत्या. दगडी छताला त्यांची गरज नव्हती. फासळ्यांशिवाय छत छतासारखं वाटलं नसतं, म्हणून त्या बसवल्या.

शेजारच्या विहारात, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यात, तर नक्कल छताला जाऊन भिडलीय. दालन तेवीस फूट रुंद, एकोणतीस खोल, तीन बाजूंना सहा-सहा अशा अठरा खोल्या. छताला दगडात कोरलेल्या तुळया, साधारण साडेतीन फुटांच्या अंतराने, आणि त्यांच्यामध्ये बारीक वासे. एकही तुळई भार घेत नाही. डोंगर स्वतःच छत आहे. ठाण्यात जुन्या वाड्यात राहिलेल्या कुणालाही हे छत ओळखीचं वाटेल. आपल्याकडे त्याला नुसतं ‘कडीपाट’ म्हणत असत.

आता चैत्यातले खांब बघा. बरेचसे खांब नाहीत. आहेत त्यांतले काही वरून लोंबताहेत : माथा छताला चिकटलेला, खाली काही नाही, हवा. खांब पडले ते वजनाने नव्हे. जमिनीलगत वर्षानुवर्षं ओल धरली, तळ कुजल्यासारखा झडत वर वर गेला, आणि वरचा तुकडा छताचाच भाग असल्यामुळे तसाच राहिला. लाकडी खांब पायथ्याशी कुजतो ना, नेमका तसा दगडी खांब झडलाय. दर्शनी भागावरची जी धार फोटोला एवढी छान दिसते तीच कठड्यांच्या कडा धुऊन नेते. कान्हेरीची पन्हळ आदल्या दिवशी बघितली नसती तर ही धार नुसती सुंदर वाटली असती.

दुपारनंतर दर्शनी भागावर उजेड येतो, लेण्यांचं तोंड वायव्येला असल्यामुळे. नक्षीचे फोटो हवे असतील तर जेवायला गावात उतरण्याची घाई करू नये. काकूंना दोनच्या ऐवजी साडेचार सांगून ठेवा.

रविवार, अडीच वाजता : बलक

चैत्याच्या दर्शनी भागाच्या डाव्या बाजूला एक मोठं मुंडकं आहे. बाकी शरीर गेलंय, चेहराही झिजलाय, पण डोक्यावरचा फेटा ताजा दिसतो : कापडाच्या वळकट्या, मध्ये गाठ, मण्यांच्या सरी. त्याच्या शेजारी ब्राह्मी अक्षरांची एक ओळ. टॉर्च आडवा धरला तेव्हा अक्षरं उठली. ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं.’ कण्हाचा शिष्य बलक, त्याने केलं.

कान्हेरीतला कण्ह डोंगर होता, इथला कण्ह गुरू आहे. दाते जवळपास सगळीकडे आपलं नाव सोडतात, करणारा क्वचित. बलकाने ‘दिलं’ म्हटलेलं नाही, ‘केलं’ म्हटलंय.

धार त्या ओळीपासून हातभर लांब पडत होती.

तीनला निघावं म्हणजे साडेचारला गाव. कंटोलीची भाजी तोवर गार झालेली असते, पण काकू भाकरी मात्र तव्यावरची देतात. कर्जतहून सुटणाऱ्या गाडीत खिडकी मिळते. डोंबिवलीपर्यंत तरी.